सममिती जपणारी न्यूरल नेटवर्क्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या कॉलेजांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक किंवा कृषी शिकणारी मुलं-मुली शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लागली, की माझ्याकडे येणारे प्रश्न साधारण हेच असतात. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. पायथॉन येतं आणि साधं न्यूरल नेटवर्क एकदा तरी चालवून पाहिलंय, एवढं धरून चाललोय.

सममिती जपायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पाण्याचा एक रेणू घ्या. ऑक्सिजनपासून दोन्ही हायड्रोजन ०.९६ अँगस्ट्रॉमवर, मधला कोन १०४.५ अंश. संगणकाला हा रेणू म्हणजे नऊ आकडे: तीन अणू, प्रत्येकाचे एक्स, वाय, झेड. रेणूला हात न लावता नुसते अक्ष फिरवले तरी हे आकडे बदलतात. रेणूची ऊर्जा मात्र तसूभरही हलत नाही. साध्या नेटवर्कला हे कुठून कळणार? त्याच्या लेखी तो नवाच रेणू असतो आणि ते बिनदिक्कत वेगळी ऊर्जा सांगून मोकळं होतं. फिरवलं काय, सरकवलं काय, उत्तर तेच यायला हवं, अशी रचना नेटवर्कच्या आतच करून ठेवणं म्हणजे सममिती जपणं.

इन्व्हेरियंट आणि इक्विव्हेरियंट, दोन्ही एकच ना?

नाही, आणि निम्मे प्रोजेक्ट इथेच फसतात. ऊर्जा हा एक आकडा आहे. रेणू फिरवला तरी तो तोच राहतो. हे इन्व्हेरियंट. पण अणूंवरची बलं विचारली, तर ते बाण आहेत. रेणू ९० अंशांत फिरला की बाणही ९० अंशांत फिरले पाहिजेत. हे इक्विव्हेरियंट. यादीतल्या दोन हायड्रोजनची अदलाबदल केली तर ऊर्जा तीच राहते आणि बलांच्या यादीतही तेवढीच अदलाबदल होते.

एक सोय लक्षात ठेवा. नेटवर्क फक्त ऊर्जा सांगणारं केलं आणि ती ऊर्जा इन्व्हेरियंट असली, तर तिचा ऋण ग्रेडियंट म्हणजेच बल आपोआप इक्विव्हेरियंट मिळतं. शिवाय अशी बलं ऊर्जा जपतात. बलं थेट नेटवर्ककडून काढून घेतली तर काम लवकर उरकतं, पण लांबलचक सिम्युलेशनमध्ये एकूण ऊर्जा हळूहळू सरकायला लागते. सममिती आणि अक्षय्यतेचे नियम यांचं नातं एमी न्योथरने १९१८ मध्ये सिद्ध केलं होतं. ते प्रकरण एमएस्सीला "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडून दिलं असेल, तर आता काढून वाचा.

एवढी उठाठेव कशाला? डेटा फिरवून फिरवून दिला की नेटवर्क शिकेलच की!

शिकतं. त्याला डेटा ऑग्मेंटेशन म्हणतात आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. सपाट चित्राला ९०-९० अंशांत फिरवायचं म्हटलं तर चारच अवस्था होतात, तिथे फार डोकं लावू नका. त्रिमितीत मात्र हिशेब वेगळा आहे. रेणूच्या सगळ्या अवस्था दहा-दहा अंशांच्या अंतराने व्यापायच्या म्हटलं तर साधारण १५ हजार अवस्था होतात. एकेका रेणूच्या! आणि एवढं करूनही नेटवर्क सममिती जवळपासच शिकतं, तंतोतंत नाही. प्रशिक्षणात जे कधी दिसलंच नाही, तिथे ते पुन्हा घसरू शकतं.

खरा फायदा डेटा थोडा असतो तेव्हा कळतो. रेणूंची अचूक गणितं महाग असतात; एकेका रचनेला तासन् तास लागतात. २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या नेक्विप या मॉडेलच्या लेखकांनी, त्या वेळच्या मॉडेलांच्या तुलनेत हजारपटीपर्यंत कमी डेटात काम होतं, असं दाखवलं. 'पर्यंत' हा शब्द सोडून वाचू नका, प्रत्येक ठिकाणी हजारपट मिळत नाही. पण आपल्याकडे ना सुपरकॉम्प्युटर ना डेटाचे डोंगर. शितावरून भाताची परीक्षा करणारं मॉडेल आपल्याच जास्त कामाचं.

मग अल्फाफोल्ड ३ मधून सममिती का काढून टाकली?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी अभ्यास करून आलेला असतो. अल्फाफोल्ड म्हणजे प्रथिनाची त्रिमितीतली रचना सांगणारं मॉडेल. २०२१ च्या अल्फाफोल्ड २ मध्ये प्रथिनाची रचना ठरवणारा भाग फिरवण्या-सरकवण्याची सममिती काटेकोर जपत होता. २०२४ च्या अल्फाफोल्ड ३ मध्ये त्याजागी डिफ्यूजनचा, म्हणजे विस्कटलेली रचना टप्प्याटप्प्याने सावरत नेणारा भाग आला आणि सममिती शिकवण्यासाठी प्रशिक्षणात रचना वाटेल तशा फिरवून दिल्या गेल्या. डेटा मुबलक असेल, यंत्रं ताकदीची असतील आणि रचना साधी ठेवून ती वाढवत न्यायची असेल, तर हा मार्ग चालतो. वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे डेटा थोडा आणि जीपीयू उधारीचा, त्याने सममिती आतच बांधावी.

कुठल्या प्रश्नाला कुठली सममिती लावायची, हे कसं ठरवायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि नेमका हाच सगळ्यात कमी विचारला जातो. मुलं आधी लायब्ररी डाउनलोड करतात, मग तिच्यात जी सममिती असेल ती डेटाला चिकटवतात. उलटं करा. आधी डेटाकडे बघा. कुठला बदल केला तर उत्तर बदलायला नको, आणि कुठला केला तर बदलायलाच हवं, हे कागदावर लिहा. नसलेली सममिती लादली तर नेटवर्क कितीही शिकवा, ते काही गोष्टी कधीच वेगळ्या ओळखू शकणार नाही. ऑग्मेंटेशन चुकलं तर ते काढून पुन्हा शिकवता येतं. चुकीची सममिती बांधली तर मॉडेलच मोडावं लागतं.

हाताने लिहिलेले देवनागरी अंक ओळखायचे आहेत, समजा. आरशातली प्रतिमाही तीच धरायची, असं कुणी उत्साहात ठरवलं, तर ३ आणि ६ एक होऊन बसतील. छत्तीसचा आकडा कायमचा मिटला म्हणायचा, पण अंकओळख बुडाली.

हवामानात हीच गंमत जास्त गंभीर होते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. उपग्रहाचं चित्र आडवं उलटून डेटात घातलं, की तुम्ही नेटवर्कला निसर्गात नसलेलं वादळ दाखवता. सरकवण्याची सममितीही जपून लावा. अरबी समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीवर चढताना बरंचसं पाणी तिथेच सांडतं आणि आपण पलीकडे पर्जन्यछायेत कोरडे राहतो. महाबळेश्वरला लागू पडलेला ठोकताळा नुसता पूर्वेला सरकवून बीडला लावता येत नाही. इथे उंचीचा नकाशा हीसुद्धा नेटवर्कला द्यायची माहिती आहे. डोंगर आणि वारा दोन्ही बरोबर सरकवले, तर सममिती पुष्कळशी परत मिळते.

तिसरं उदाहरण आपल्या दुखऱ्या जागेचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं, हे इथे कुणाला सांगायला नको. भूकंपमापक जमिनीची हालचाल तीन घटकांत नोंदवतो: वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. तीन घटक दिसले की मुलं लगेच त्रिमितीतली पूर्ण सममिती लावायला धावतात. पण गुरुत्वाकर्षणाने आणि जमिनीच्या पृष्ठभागाने उभी दिशा वेगळी काढून ठेवलेली आहे. लहरी बहुधा खालून जवळजवळ उभ्या येतात, त्यामुळे आधी पोहोचणारी पी लहर उभ्या घटकावर ठळक दिसते आणि मागून येणारी एस लहर आडव्या घटकांवर. उभं-आडवं एकमेकांत मिसळायची मुभा दिली, की हाताशी असलेली माहिती आपणच पुसून टाकतो. इथे शोभते ती फक्त उभ्या अक्षाभोवतीची सममिती. लहर कधी पोहोचली एवढंच हवं असेल तर उत्तर इन्व्हेरियंट; कुठल्या दिशेने आली हे हवं असेल तर इक्विव्हेरियंट.

आत नेमकं चालतं काय? गणित न सांगता सांगा.

थोडं तरी सांगावंच लागेल. सरकवण्याची सममिती तुम्ही आधीपासून वापरताय. कन्व्होल्यूशनमध्ये एकच चाळणी (फिल्टर) चित्रभर फिरते, म्हणून झाडाचं पान डावीकडे असलं काय आणि उजवीकडे असलं काय, ते सापडतं. टॅको कोहेन आणि मॅक्स वेलिंग यांनी २०१६ मध्ये हीच कल्पना फिरवण्यापर्यंत नेली. तीन-बाय-तीनच्या चाळणीत नऊ वजनं असतात. तीच चाळणी ०, ९०, १८० आणि २७० अंशांत फिरवून चारदा लावायची. वजनं नऊच, पण चाळणीतून निघणारे उत्तरांचे नकाशे चार. मूळ चित्र फिरवलं की हे चार नकाशे स्वतः फिरतात आणि आपसात एकेक घर सरकतात. पुढच्या थराला हा सरकण्याचा नियम माहीत असतो, म्हणून काहीच हरवत नाही.

क्रमाची सममिती याहून सोपी. शेतातल्या वेगवेगळ्या जागांच्या मातीचे नमुने आहेत. पहिला कुठला आणि शेवटचा कुठला याला अर्थ नाही. प्रत्येक नमुना एकाच लहान नेटवर्कमधून काढायचा, उत्तरांची बेरीज करायची, बेरजेवर दुसरं नेटवर्क चालवायचं. २०१७ ची डीप सेट्स ही कल्पना एवढीच. भाषेच्या मॉडेलांत वापरतात त्या ट्रान्सफॉर्मरमधून स्थानाची खूण काढून टाकली तर तोही क्रमाच्या बाबतीत इक्विव्हेरियंटच असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्रिमितीतलं फिरवणं जरा जड जातं, पण एमएस्सी फिजिक्सवाल्यांना ते ओळखीचं निघेल. प्रत्येक थरातली माहिती एल या अंकाप्रमाणे गटांत ठेवतात. एल शून्य म्हणजे साधा आकडा, एल एक म्हणजे तीन घटकांचा बाण, एल दोन म्हणजे पाच घटक. दोन बाण एकमेकांना भिडवले की नऊ गुणाकार मिळतात आणि ते १, ३, ५ असे वाटले जातात: डॉट प्रॉडक्ट, क्रॉस प्रॉडक्ट आणि उरलेला सममित भाग. ही वाटणी करणारे आकडे म्हणजे तेच क्लेब्श-गॉर्डन गुणांक, जे क्वांटम मेकॅनिक्समध्ये कोनीय संवेग जोडताना तक्त्यातून उतरवून घेतले होते. ते कधी कामाला येतील असं तेव्हा कुणाला वाटलं होतं!

साधं रेलू लावलं तर काय बिघडतं?

आकड्यांवर लावलं तर काहीच नाही. बाणावर लावलं तर सगळं. (१, −२, ०) हा बाण घ्या. रेलू उणे आकडा शून्य करतं, हाती राहतो (१, ०, ०). आता आधी बाण झेड अक्षाभोवती ९० अंश फिरवा: (२, १, ०). यावर रेलू लावलं तर तो जसाच्या तसा राहतो. परत उलटा फिरवला की मूळ (१, −२, ०) मिळतो. एकाच बाणाची दोन वेगळी उत्तरं आली, म्हणजे सममिती तिथेच संपली. म्हणून बाणाच्या घटकांना वेगवेगळा हात लावायचा नाही. लांबीवरून किंवा दुसऱ्या एखाद्या इन्व्हेरियंट आकड्यावरून एक गुणक काढायचा आणि अख्ख्या बाणाला त्याने गुणायचं.

आरशातली प्रतिमा वेगळी धरायची की तीच?

रसायनशास्त्रात हा जिवाभावाचा प्रश्न आहे. कार्व्होन नावाचा रेणू दोन रूपांत सापडतो, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या. एक स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात असतो, दुसरा शहाजिऱ्यात आणि शेपूच्या बियांत. अणू तेच, अणूंमधली अंतरंही तीच, पण वास वेगळा. नेटवर्कला फक्त अंतरं दिली तर त्याला हे दोन रेणू कधीच वेगळे ओळखता येणार नाहीत. ऊर्जा काढायची असेल तर ते बरोबरच आहे, कारण दोन्हींची ऊर्जा एकच असते. वास, किंवा औषध शरीरात कुठे जाऊन बसतं, असं काही हवं असेल, तर फिरवणं आणि सरकवणं तेवढं जपा, आरसा सोडून द्या. अल्फाफोल्ड ३ च्या लेखकांनीही मर्यादा सांगताना हेच नोंदवलंय, की मॉडेल कधीकधी डावं-उजवं चुकतं.

माझं नेटवर्क सममिती जपतं की नाही, तपासू कसं?

प्रशिक्षणाच्या आधी तपासायचं. वजनं कशीही असोत, सममिती पहिल्या मिनिटापासून असायला हवी. यादृच्छिक आकड्यांचं तीन-बाय-तीन मॅट्रिक्स घ्या, क्यूआर विघटन करा (मॅट्रिक्सचे क्यू आणि आर असे दोन भाग पडतात), त्यातला लांबी न बदलणारा क्यू घ्या. त्याचा निर्धारक उणे एक आला तर ते फिरवणं नसून त्यात आरसा शिरलाय. एका स्तंभाचं चिन्ह बदला. मग एकदा आधी फिरवून नेटवर्क चालवा, एकदा नेटवर्क चालवून उत्तर फिरवा. दोन्हींतला फरक साध्या ३२ बिटांत दशलक्षांशाच्या आसपास यावा. शंभरांशात आला तर कोडमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय.

दोन फसव्या जागा सांगून ठेवतो. नव्या जीपीयूंवर टीएफ३२ नावाची घाईची गणितपद्धत चालू असली तर फरक उगाच मोठा दिसतो, म्हणून ही चाचणी ६४ बिटांतच करा. दुसरी चित्रांची. ६४ पिक्सेलचं चित्र, तीनची चाळणी, कडेला एका घराची किनार (पॅडिंग) आणि दोन-दोन घरांच्या उड्या, असा ठरलेला मसाला घेतला की चाळणी एका कडेला पोहोचते आणि समोरच्या कडेला एक घर सुटतं. चित्र फिरवलं की सुटणारं घर बदलतं, आणि ९० अंशांची सममिती मोडते. ६५ पिक्सेल घ्या, उड्या बरोबर बसतात. एका पिक्सेलपायी मुलांचा आठवडा जातो हो!

माझं नेटवर्क कितीही शिकवलं तरी डायपोल शून्यच सांगतं. बिघाड आहे का?

डायपोल म्हणजे रेणूतला धन-ऋण प्रभार कुठल्या बाजूला झुकलाय हे सांगणारा बाण. रेणू कुठला आहे ते आधी सांगा. आदर्श आकाराचा मिथेन असेल तर नेटवर्क बरोबर आहे. मिथेन ज्या ज्या तऱ्हेने फिरवला तरी जसाच्या तसा दिसतो, त्या सगळ्या तऱ्हांत टिकून राहील असा एकच बाण असतो, शून्य लांबीचा. अमोनिया देऊन पाहा, बाण लगेच उगवेल. कारणात जेवढी सममिती आहे तेवढी परिणामात उतरतेच, हे पिएर क्युरीने १८९४ मध्येच मांडलं होतं. याची दुसरी बाजूही आहे: पूर्ण सममित रचना एखाद्या बाजूला कलंडते, असं काही शिकवायचं असेल तर कलण्याची दिशा वेगळी माहिती म्हणून द्यावी लागते. नेटवर्क ती पदरची घालणार नाही.

औंढ्याच्या लिगोशी याचा काही संबंध?

हिंगोली जिल्ह्यातली मुलं हे हटकून विचारतात, आणि विचारावंच. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लिगो-इंडिया या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन काटकोनी बाहू. गुरुत्वलहर एक सेकंद उशिरा आली तरी तिचा आकार तोच असतो, ही वेळेत सरकवण्याची सममिती झाली. मॅक्सिमिलियन डॅक्स आणि सहकाऱ्यांनी ती या लहरींच्या विश्लेषणात वापरली: लहर कधी आली याचा आधी अंदाज करायचा, डेटा सरकवून ती वेळ शून्यावर आणायची, मग बाकीच्या गोष्टी काढायच्या, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही सममिती अगदी तंतोतंत नसते, पण त्यांची पद्धत अंदाजे सममितीवरही चालते.

फिरवण्याची सममिती मात्र इथे नाही. बाहू जमिनीला खिळलेले आहेत. दोन बाहूंच्या बरोबर मधल्या दिशेने, त्यांच्याच प्रतलातून आलेली लहर एकट्या यंत्राला ऐकूच येत नाही. दूरदूरच्या देशांत वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेली यंत्रं हवीत ती याचसाठीसुद्धा.

साधा लॅपटॉप आहे. जमेल का?

जमेल. कोलॅब किंवा कॅगलचा फुकट जीपीयू पुरतो. सुरुवात २०२१ च्या ईजीएनएन या मॉडेलपासून करा. त्यात फक्त अणूंमधली अंतरं आणि एका अणूकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण वापरतात. क्लेब्श-गॉर्डन नाही, काही नाही, कोड दोन पानांत मावतो. तो स्वतः टाइप करा, उतरवून घेऊ नका. मग ई३एनएन ही लायब्ररी. त्यात एल दोनच्या वर लगेच जाऊ नका. भिडवण्याचा खर्च साध्या पद्धतीत एलच्या सहाव्या घाताने वाढतो. डेटासाठी सुधारित एमडी१७ या रेणूंच्या डेटासंचातला इथेनॉल बरा, नऊच अणू आहेत. क्यूएम९ या दुसऱ्या संचात सुमारे १ लाख ३४ हजार रेणू आहेत, तो नंतर.

शेतीवर काही प्रोजेक्ट करता येईल?

एक सुचवतो. ड्रोनने वरून घेतलेल्या सोयाबीनच्या चित्रावरून पेरणीच्या ओळींची दिशा काढा. उताराला आडवी पेरणी केली की पाणी आणि माती धरून राहते, त्यामुळे ओळी आणि उतार यांचा मेळ तपासणं कामाचं आहे.

वरून काढलेल्या चित्राला वर-खाली नसतं, म्हणून फिरवण्याची सममिती इथे अगदी चपखल बसते. उत्तर इन्व्हेरियंट करू नका. चित्र ३० अंश फिरलं तर दिशाही ३० अंश फिरली पाहिजे. आणि ओळ म्हणजे बाण नव्हे. तिला शेंडा-बुडखा नाही, १८० अंश फिरवली तरी ती तीच. थेट कोन काढायला सांगितला तर १ अंश आणि १७९ अंश या जवळजवळ सारख्याच दिशा नेटवर्कला दोन टोकं वाटतील आणि ते सरासरी काढून ९० सांगेल, म्हणजे नेमकी आडवी दिशा. म्हणून कोनाची दुप्पट करून तिचे कोसाइन आणि साइन हे दोन आकडे काढायला सांगा. चित्र ३० अंश फिरलं की ही जोडी ६० अंश फिरते. शेवटी कोन काढून निम्मा करा. उतार उंचीच्या नकाशातून येईल, त्यामुळे प्रत्येक चित्राची उत्तर दिशा उड्डाणाच्या वेळीच नोंदवून ठेवा.